किडीला आवतण



धर्माबादहून गाडी निजामाबादकडे निघाली आणि बासर मागे पडले, की खिडकीबाहेरचे शिवार बदलते. आपल्याकडे सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, आणि जिच्यामुळे धर्माबादच्या बाजाराचे नाव दूरवर गेले ती मिरची. तिकडे मात्र साळ. मांजरा नदीवर १९२३ ते १९३१ या वर्षांत निजामसागर उभा राहिला आणि त्याच्या कालव्यांनी तो सगळा पट्टा साळीचा करून टाकला. आपल्या बाजूलाही सीमेलगतच्या गावांत, जिथे पाणी टिकते तिथे, साळीची खाचरे आहेत. किनवट-माहूरकडच्या डोंगराळ भागातही साळ होते. पुस्तकात या पिकाला भात म्हणतात. आपल्या तोंडी शेतात असते ती साळ आणि ताटात येतो तो भात. तेव्हा मीही आज साळच म्हणेन.

या साळीवरच्या किडीविषयी मला आज बोलायचे आहे. तिला आपणच आवतण द्यायचे, आपण ठरवू त्या जागी बोलवायचे आणि तिथे गाठायचे, अशी ही युक्ती आहे. बोलावण्यासाठी वापरायचे ते झाडपाल्याचे आमिष: एखादे गवत, एखादी ओळ, एखाद्या पानाचा वास. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो, शेतीशास्त्र नव्हे. म्हणून जे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे आणि आपल्या बांधावर करून पाहण्याजोगे आहे, त्यावरच मुख्यतः बोलतो.

फवारणीची गोष्ट आधी उरकून घेऊ. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. पुरुषभर वाढलेली कपाशी, अंगावर येणारा फवारा, आणि तोंडाला बांधायला फार तर एक फडके. पाठीवर पंप घेऊन ओळीतून चालणारा माणूस पुष्कळदा शेताचा मालक नसतो, तो रोजाने आलेला असतो. एक फवारणी टळली तर औषधाचे पैसे वाचतात हे आपण सगळेच जाणतो. त्या रोजाने आलेल्या माणसाचा एक दिवसही वाचतो, हे हिशेबाच्या वहीत येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कीड आपले पीक शोधते तरी कशी?

खोडकिड्याची मादी रात्री उडते. अंधारात दूरवरून साळ कोणती आणि सावा कोणता हे तिने नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखावे? तिचे नाक म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशा. प्रत्येक झाडाच्या पानातून निरनिराळी वासाची द्रव्ये हवेत झिरपत असतात. पिशवीत झाकून आणलेल्या मेथीचा पत्ता शेजारणीला लागतो, तसा किड्याला पिकाचा पत्ता लागतो. फक्त त्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. इतकेच नव्हे, तर कीड लागली की झाडाचा वास बदलतो. तपकिरी तुडतुडे साळीला लागले म्हणजे साळ जो वेगळा वास सोडते, तो हुंगत तुडतुड्यांच्या अंड्यांवर जगणाऱ्या अगदी बारीक गांधीलमाश्या तिथे येतात, हे चीनमधील संशोधकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे खाचरात रात्रंदिवस वासाची बोलणी चाललेली असतात. आपल्याला ती ऐकू येत नाहीत, एवढेच.

या बोलण्यात माणसाला एक शिरकाव मिळाला तो आपल्याच देशात. बिहारमध्ये पुसा येथे त्या काळी सरकारी शेती संशोधन संस्था होती, आणि हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ तिथे काम करीत. सिट्रोनेला हे आपल्या गवती चहाच्या जातीतले एक गवत. त्याचे तेल डास येऊ नयेत म्हणून लोक वापरीत. डास किती पळत होते ते असो, पण त्या वासावर फळमाश्या मात्र घोंघावू लागल्या, आणि पाहावे तर त्या सगळ्या नर. हाउलेट यांनी १९१२ साली हे लिहून प्रसिद्ध केले, आणि १९१५ पर्यंत या ओढीच्या मुळाशी मिथिल युजेनॉल नावाचे द्रव्य आहे इथपर्यंत ते पोचले. हेच द्रव्य आपल्या तुळशीच्या पानातही असते. पुढे पॅसिफिक महासागरातल्या रोटा नावाच्या बेटावर याच द्रव्यात विष मिसळून त्यात भिजवलेले तुकडे विमानातून टाकण्यात आले आणि त्या बेटावरून फळमाशीचे बी उखडले गेले. १९६५ साली त्याचा वृत्तांत छापून आला. आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ आंब्याच्या बागेत टांगलेला असतो, त्याच्या पोटात हीच युक्ती आहे.

इथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. तुळशीच्या वासाला येतो तो नर. नर इतके पकडावेत, की माद्यांना जोडीदार मिळू नये, असा त्यात हिशेब असतो. थोडेफार नर उरले तरी ते पुष्कळ माद्यांना पुरतात. म्हणून हा सापळा एकट्यादुकट्याने लावून भागत नाही. दुसरे आमिष आहे ते मादीसाठी. मादीला अंडी घालायला पिकापेक्षाही आवडेल असे झाड जवळ लावायचे, म्हणजे ती तिथे अंडी घालते. याला सापळा पीक म्हणतात. साळीच्या बाबतीत आपल्याला उपयोग आहे तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचा.

सापळा पीक आपल्याकडे अगदीच नवे नाही. सोयाबीनच्या कडेने एरंडी लावावी, ही शिफारस आता बहुतेकांच्या कानावरून गेलेली आहे. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांची धाड आली, मराठवाडा-विदर्भात शेतेच्या शेते खराट्यासारखी झाली, आणि त्यानंतर सरकारने गावोगाव किडीची पाळत ठेवणारा ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून एरंडीचे नाव जास्त ऐकू येऊ लागले. पण ऐकणे आणि करणे यांत अंतर पडते ते कसे, पाहा. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने कुणाचे तरी ऐकून एरंडी लावली. भाद्रपदात भेटलो तर गृहस्थ चिडलेले.

“सर, कडेनं एरंडी लावा म्हणले, लावलो. आता बघा, अळ्या दुप्पट झाल्यात.”

“मामा, पानं खुडलात का?”

“पानं कशाला खुडायची? एरंडी किडीलाच खायला लावलीय नव्हं?”

मामी मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “खुडायची असत्यात हे कुणी सांगितलं असतं, तर मीच खुडले असते. पर खुरपणीतून येळ कुठंय?”

या दोघांच्या बोलण्यात सापळा पिकाचे सगळे शास्त्र आले. ही अळी ज्या पतंगाची, त्याची मादी एरंडीच्या पानामागे दोनशे-तीनशे अंड्यांचा एक पुंजका घालते आणि त्यावर आपल्या अंगाचे पिवळसर केस पसरून ठेवते. अंडी फुटली की बारीक अळ्या पहिले काही दिवस त्याच पानावर दाटीने राहतात आणि हिरवा भाग खरवडून पान जाळीसारखे करतात. हे जाळीदार पान दुरूनही ओळखू येते. याच दिवसांत ते एक पान तोडून रॉकेलच्या पाण्यात बुडवले, की दोनशे अळ्या गेल्या. त्यानंतर त्या पांगतात, आणि मग प्रत्येक अळी हुडकणे माणसाच्या हातचे राहत नाही. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी एक फेरी हवी. फेरी चुकली तर एरंडी ही सापळा राहत नाही, ती किडीची खानावळ होते. मामांच्या शेतात नेमके हेच झाले होते.

किती मोठी ही फेरी? एक एकर चौरस शेत धरले तर त्याच्या चारही बांधांची लांबी सुमारे २५५ मीटर भरते. पाने उलटून पाहत गेले तरी अर्ध्या तासाचे काम. पण हा अर्धा तास कोणाचा? बहुतेक घरांत तो बाईचा असतो, आणि तिच्या दिवसात तो आधीच कुठेतरी खर्ची पडलेला असतो. माझे स्पष्ट मत असे आहे, की सापळा पिकाची जी शिफारस या अर्ध्या तासाचा हिशेब करीत नाही, ती कागदावर कितीही बरोबर असली तरी शेतात फसणार.

वेळेचा हिशेब आणखी एका अंगाने आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची १ ओळ बसवली. टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे, झेंडूचे मात्र ४० दिवसांचे. असे का, तर टोमॅटो फुलावर येईल त्या वेळी झेंडूही फुललेला असला पाहिजे. घाटेअळीची मादी फुलावर भाळते. झेंडू मागे पडला तर ती टोमॅटोकडेच जाणार. आमिष पिकाच्या आधी तयार पाहिजे. पाहुणे जेवून गेल्यावर पाट मांडण्यात अर्थ नाही.

आता साळीकडे वळतो. साळीचे मोठे दुखणे म्हणजे पिवळा खोडकिडा. याची मादी पिवळ्या पंखांची, आणि पुढच्या प्रत्येक पंखावर एक ठळक काळा ठिपका. कंदिलाजवळ आली की पोरांनाही ओळखता येते. ती पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि तोही तपकिरी केसांनी झाकते. आठवडाभरात अळ्या निघतात आणि खोडात शिरतात. एकदा आत शिरली, की अळीला वरून मारलेले औषध लागणे कठीण. साळ लहान असताना मधला पोंगा सुकतो आणि ओढला तर सहज हातात येतो. लोंबी येण्याच्या वेळी तिने खोड कुरतडले तर लोंबी पांढरी आणि फोल निघते. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, काय सुरेख पांढरी लोंबी आहे. जवळ जाऊन चोळावी तर आत दाणा नाही.

या किड्याची अडचण अशी, की तो जवळजवळ साळीवरच जगतो. त्याला झेंडू दाखवा, एरंडी दाखवा, तो ढुंकून पाहणार नाही. मग त्याला आमिष कोणते? तर साळीचेच. हैदराबादजवळ राजेंद्रनगरला भारतीय तांदूळ संशोधन संस्था आहे. १९६५ साली भाताच्या अखिल भारतीय प्रकल्पातून ती वाढली. तिच्या प्रयोगांत असे दिसले, की ‘पुसा बासमती १’ या जातीवर खोडकिडा इतर जातींपेक्षा जास्त येतो. तेव्हा मुख्य साळीच्या ९ ओळींमागे या बासमतीची १ ओळ लावायची आणि लक्ष ठेवायचे ते त्या एका ओळीवर. बासमतीचा सुवास आपल्याला आवडतो म्हणून पतंगालाही तोच आवडतो, असे मात्र कुणी समजू नये. त्याची आवड त्याच्यापाशी. आपल्याला एवढेच हवे, की नऊ ओळींतली शोधाशोध एका ओळीवर यावी.

त्या ओळीत आठवड्यातून दोनदा फिरून शेंड्यावरचे पुंजके खुडावेत. खुडलेले पुंजके लगेच जाळू मात्र नयेत. पुष्कळ अंड्यांत मघाशी सांगितली तशीच एखादी बारीक गांधीलमाशी आधीच शिरलेली असते, आणि ती आपली मित्र आहे. पुंजके एका बरणीत ठेवून तोंडाला बारीक जाळी बांधावी आणि बरणी पाणी घातलेल्या ताटात बांधावर ठेवावी. गांधीलमाशी जाळीतून उडून जाते, आणि एखादी अळी निसटलीच तर ती पाण्यात पडते. काही ठिकाणी यासाठी बांबूचे पिंजरे करतात. आणखी एक फुकटची गोष्ट सांगतो. लावणीच्या आधी रोपांच्या जुडीचे शेंडे छाटून टाकले, की रोपवाटिकेतच घातलेली अंडी बाहेर राहतात. यात आमिष काही नाही, पण सांगायचे राहू नये.

दुसरे आमिष आपल्या सगळ्यांच्या घरचे आहे: वाळा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतो, कूलरला वाळ्याचे ताटवे बांधतो, तेच हे गवत. आपल्याला त्याचे मूळ माहीत. पतंगाला त्याचे पान आवडते. दक्षिण आफ्रिकेत मक्याच्या खोडकिड्यावर प्रयोग झाले. त्यात माद्यांनी मका सोडून वाळ्यावर जास्त अंडी घातली, आणि निघालेल्या अळ्या वाळ्याच्या पानावर जगू शकल्या नाहीत. चीनमध्ये साळीच्या पट्टेरी खोडकिड्याच्या बाबतीत तेच आढळले, आणि तिथे आता साळीच्या बांधाने ३ ते ५ मीटर अंतरावर वाळ्याचे ठोंब लावण्याची पद्धत सुरू झाली आहे. एरंडीपेक्षा यात फार मोठी सोय आहे. इथे पान खुडावे लागत नाही. मादी अंडी घालून जाते, अळ्या निघतात आणि मोठ्या होण्याआधीच मरतात. मामींचा अर्धा तास वाचतो.

पण हे पुरावे पट्टेरी खोडकिड्याचे आहेत. आपल्या साळीवर जोर पिवळ्याचा. तेव्हा वाळा लावला, आता पिवळा खोडकिडा गेलाच, असे कुणी तुम्हाला सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वाळ्याचा खरा उपयोग आपल्याला जवारीच्या आणि मक्याच्या कडेने आहे. आफ्रिकेत ज्या खोडकिड्यावर हे प्रयोग झाले, तो मूळचा आपल्याच आशिया खंडातला; आपल्या जवारीचा पोंगा सुकवतो तोच. तो समुद्र ओलांडून तिकडे गेला आणि तिथल्या मक्यावर-जवारीवर पसरला. केनियात मूळचे भारतीय असलेले डॉ. झियाउर खान आणि इंग्लंडमधील रॉथमस्टेड संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात त्याच्यावर जी तोड काढली, ती शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. त्यांनी शेताच्या कडेने हत्ती गवत लावले, ते आमिष. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वेल लावली, तिचा वास पतंगाला नकोसा वाटतो. आतून ढकलायचे, बाहेरून ओढायचे. हत्ती गवतात अळी शिरू लागली की गवत चिकट रस सोडते आणि बहुतेक अळ्या त्यात गुरफटून मरतात. वेलीने टारफुलाही हटला, आणि कडेचे गवत जनावरांना चारा म्हणून कापता आले. मला वाटते, ही युक्ती तिकडे टिकली ती या चाऱ्यामुळे. किडीसाठी म्हणून कोणी बांध राखीत नाही, म्हशीसाठी राखतो.

बांधाचा विषय निघालाच आहे तर मोकळेपणाने बोलू. वाळा काय, हत्ती गवत काय, ही सगळी बांधावरची झाडे. आणि आपल्याकडे बांध राहिलाय कुठे? दर वर्षी ट्रॅक्टरचा फाळ दोन्ही बाजूंनी वीतभर आत सरकतो, आणि ज्या बांधावरून बैलगाडी जायची तिथून आता माणूस तोल सांभाळत जातो. त्यावर कोणी ठोंब लावला, की शेजारी म्हणणार, हद्द सरकवायलास काय? तहसीलमधल्या निम्म्या भांडणांचे मूळ या वीतभर मातीत असेल. दुसरे असे, की वाळा एकदा लावला की वर्षानुवर्षे राहतो. ज्याचे शेत बटईने किंवा ठोक्याने आहे, पुढच्या सालाची ज्याला खात्री नाही, तो वाळा कशाला लावील? त्याने एरंडी लावावी, बासमतीची ओळ लावावी. ही एका हंगामाची आमिषे आहेत. मालकाने मात्र वाळा लावायला हरकत नाही. वाळ्याच्या मुळ्या सरळ खाली जातात, पिकात पसरत नाहीत, आणि पावसात बांध धरून ठेवतात. एका एकराच्या चौफेर, ४ मीटरवर एक धरला, तर ६४ ठोंब पुरे होतात.

बांधावरचे सगळेच गवत चांगले, असा अर्थ यातून कोणी काढू नये. सावा आणि त्याच्या जातीची गवते बांधावर माजली, तर लोंबीवरचा ढेकण्या साळीच्या आधी त्यांच्यावर पोसतो आणि साळीचा दाणा दुधात आला की तिकडे उतरतो. बोलावल्यावर गाठण्याची सोय नसेल, तर ते गवत कापलेले बरे.

आमिष शत्रूलाच दाखवावे असेही नाही. मित्रांनाही बोलावता येते. अंड्यांवर जगणाऱ्या गांधीलमाशीला स्वतःला जगायला फुलातला मध लागतो, आणि साळीच्या खाचरात तिच्या पोटापुरता मध कुठला? म्हणून चीन, थायलंड आणि व्हिएतनाम या तीन देशांत चार वर्षे एक प्रयोग झाला: साळीच्या बांधावर तीळ आणि इतर मधाची फुले लावली. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. कीटकनाशकाच्या फवारण्या ७० टक्क्यांनी कमी झाल्या आणि धान्य ५ टक्क्यांनी वाढले. तीळ आपल्याला परका नाही. संक्रांतीला बाजारातून विकत आणतो, तेवढा बांधावर निघाला तर घरच्यांनाही बरेच वाटेल.

झाडपाल्याच्या आमिषाचा आणखी एक प्रकार आहे, तो फक्त सांगून ठेवतो. कामगंध सापळ्यातली रबराची गोळी आपण पाहिली आहे. तिला मादीचा वास असतो आणि नर त्यात फसतो. पिवळ्या खोडकिड्यासाठीही अशी गोळी मिळते. पाळतीसाठी एकरी २ सापळे लावतात, पकडण्यासाठी ८. हा वास कारखान्यात रसायनांपासून बनतो, आणि म्हणून महाग पडतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील शास्त्रज्ञ आणि त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी मोहरीच्या कुळातल्या कॅमेलिना या तेलबीत जनुके बदलून अशा वासाचा कच्चा माल बियांच्या तेलातच तयार करून घेतला. २०२२ साली त्याचे निकाल आले: चीनमध्ये कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग, ब्राझीलमध्ये घाटेअळी. पिवळ्या खोडकिड्याच्या गंधातले मुख्य द्रव्यही याच जातीचे आहे. अर्थात हे काम प्रयोगशाळेचे आणि कारखान्याचे; आपल्या बांधावर लावायचे हे झाड नव्हे.

आपल्या बांधावरचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो भूमितीने सुटतो. चार शेजाऱ्यांची प्रत्येकी एक एकर साळ आहे असे समजा. चौघांनी आपापल्या कडेने आमिष लावले, तर प्रत्येकी २५५ प्रमाणे एकंदर १०२० मीटर बांध सांभाळावा लागेल. तीच चार एकर साळ एकच शेत समजून फक्त बाहेरून आमिष लावले, तर चौफेर लांबी होते ५१० मीटर. काम निम्मे झाले. शिवाय एकट्याने आमिष लावले तर शेजाऱ्याचे पतंग त्याच्या शेतात येतात आणि शेजारी निवांत झोपतो. चौघांनी मिळून लावले तर हा तंटाच उरत नाही. फेरीही वाटून घेता येते: आज हिची, परवा तिची. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तर पुरुषांच्या पारावरच्या चर्चेपेक्षा लवकर मार्गी लागेल, असा माझा अंदाज आहे.

शिक्षक मित्रांसाठी एक प्रयोग सांगून थांबतो. यात विष नाही, खर्च नाही, आणि पावसाळ्यात शाळेच्या आवारात पेरूचे झाड असले म्हणजे झाले. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. प्रत्येकीला वरच्या भागात समोरासमोर बोट जाईल एवढी दोन भोके पाडा आणि तळाशी दोन बोटे साबणाचे पाणी ओता. एका बाटलीत तुळशीची मूठभर पाने ठेचून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आत टांगा. दुसरीत काहीच नको. दोन्ही बाटल्या एकाच पेरूला, मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर, विरुद्ध बाजूंच्या फांद्यांना बांधा. रोज मधल्या सुट्टीत पाणी गाळून माश्या मोजायच्या आणि वर्गाच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायच्या. फळमाशी घरमाशीपेक्षा किंचित लहान, तांबूस-पिवळी, कमर बारीक. सगळ्याच तुळशीत हे द्रव्य सारखे नसते. चार दिवस माशी आली नाही तर दुसऱ्या अंगणातली तुळस आणून पाहावी. वेगवेगळ्या घरच्या तुळशी आणून त्यांचीच तुलना मुलांना करू द्यावी, तेही छान होते. एखादा मुलगा दोडक्याच्या वेलाला बाटली बांधून पाहील आणि तक्रार करील, की इथे माशी येतच नाही. त्याला शाबासकी द्या. वेलवर्गीय फळांची माशी वेगळी, तिला तुळशीचा वास ओढत नाही. पुरचुंडीतली पाने आणि साबणाचे पाणी मात्र दर दोन दिवसांनी बदलावे, आणि बाटली हाताळल्यावर मुलांना हात धुवायला लावावेत.